अकराव्या पायरीतला सेल

महेंद्रने बॅटरीची पेटी टेबलावर ठेवली आणि रुमालाने तिच्यावरची धूळ पुसली. नूतनने झाकणाचे स्क्रू काढले आणि मल्टीमीटरची टोकं एकेका सेलला लावली. ०.६. ०.९. ०.७. ०.६. शेवटचा आकडा तिने दोनदा पाहिला, मग मीटर बंद केलं.

"बाबांच्या माळ्यावर होती," महेंद्र म्हणाला. "वीज गेली की हिच्यावर दिवे लावायचे. अकरा वर्षांत कोणी हात लावला नाही. म्हणजे नवीच म्हण."

"न वापरलेली म्हणजे नवी नसते, दादा."

"माणसांचंही तसंच असतं का गं?" तो हसला, आणि ती हसते का ते पाहत राहिला.

नूतन हसली नाही. ती पेटीच्या कोपऱ्यातली हिरवी पट्टी बघत होती. सेलवर लक्ष ठेवणारं ते छोटं सर्किट अकरा वर्षं त्यांच्यातूनच थोडं थोडं पीत राहिलं होतं. कुणी न वापरताच पेटी रिकामी झाली होती.

दांडखार गावातली ही शाळा बंद पडून सहा वर्षं झाली होती. सातवीच्या वर्गात आता लाकडी मांडणीवर सेल ओळीने उभे होते आणि छपरावर सौर पॅनेल होती. खिडकीतून खारबांध दिसे. त्याच्या अलीकडे भातशेती होती, पलीकडे खाडी. भरतीला खाडीचं पाणी शेतांपेक्षा दीड पुरुष उंच चढायचं. मध्ये फक्त मातीचा बांध होता.

पूर्वी हा बांध माणसांच्या हातावर उभा असायचा. बांध फुटून खांड पडली की घरटी एक माणूस आणि एक टोपली माती, या रीतीने सगळं गाव धावायचं. याला जोळ म्हणत. कुणाची माती रेताड असायची, कुणाची चिकट. बांधावर गेली की ती एकमेकीत मिसळायची, आणि चांगली वाईटाला सांभाळून घ्यायची. कुणाची टोपली परत पाठवायची नाही, हा जोळाचा नियम होता. ज्याची टोपली घेतली नाही तो गावात राहून गावाबाहेर.

पुढे खाडीची पातळी इतकी वाढली की टोपल्या पुरेनात. तेव्हा विजेचा बांध आला. तत्त्व जुनंच होतं, स्वस्त बॅटऱ्यांमुळे ते बांधापर्यंत पोचलं एवढंच. खाडीच्या चिकणमातीचे कण पानांसारखे चपटे असतात आणि प्रत्येकावर ऋण प्रभार असतो. म्हणून त्यांना बिलगलेल्या पाण्यात धन आयन जास्त. बांधात लोखंडी सळ्यांच्या दोन रांगा ठोकून एकीला धन आणि दुसरीला ऋण टोक जोडलं की हे आयन ऋण रांगेकडे सरकतात, आणि सरकताना पाणीही ओढून नेतात. माती आवळली जाते. ओल्या कणकेसारखा बांध भाजल्या विटेसारखा होतो. मात्र प्रवाह थांबला की माती पुन्हा पाणी पिऊ लागते. उधाणाच्या वेळी, पाणी बांधाच्या कडेला टेकलेलं असताना, ती फार भराभर पिते.

वीस वर्षं हा बांध टिकला. तेवढ्या काळात गावातली टोपल्या वाहणारी पिढी म्हातारी झाली आणि खांड कशी बांधायची हे पुढच्यांना कुणी शिकवलं नाही. मग तीन वर्षांपूर्वी सरकारने दांडखार 'समर्पित क्षेत्रा'त टाकलं, म्हणजे ते समुद्राला सोडून द्यायचं ठरलं. योजना चालवणाऱ्या कंपनीने यंत्रणा दुरूनच बंद केली आणि बॅटऱ्या ट्रकमध्ये घालून नेल्या. सळ्या बांधातच राहिल्या.

उरलेल्या एक्केचाळीस घरांनी पुन्हा जोळ बसवला. या वेळी टोपलीऐवजी सेल. कुणी स्कूटरचे आणले, कुणी घरच्या दिव्यांचे, आणि घरोघरचे देऊन झाल्यावर बाकीचे भंगारातून आणले. सगळे लिथियम आयर्न फॉस्फेटचे होते, एका मापाचे निवडलेले. नूतनने एकेक तपासून पाच-पाच सेलच्या सोळा पायऱ्या बांधल्या. एका पायरीतले पाच सेल खांद्याला खांदा लावून, आणि सोळा पायऱ्या एकीवर एक. ज्या पायरीत सगळ्यात कमी, तेवढंच सगळ्यांचं बळ. अकराव्या पायरीत मात्र चारच सेल होते. पाचवा हौसाबाई ठाकुरांनी आणलेला होता आणि तो नूतनने परत केला होता.

महेंद्र अकरा वर्षांपूर्वी पनवेलला गेला, तो भर सभेत बोलून गेला होता. हा बांध म्हणजे रोग आहे, जमीन समुद्राचीच आहे, आज द्या नाहीतर उद्या द्या, असं तो म्हणाला होता. वडील त्यानंतर त्याच्याशी बोलले नाहीत, आणि वारलेही तसेच. आता सत्तावन्नाव्या वर्षी नोकरी आणि संसार दोन्ही मागे टाकून तो परत आला होता. नारळी पौर्णिमेचं उधाण आदल्याच दिवशी निभावलं होतं. रस्त्यात त्याला कुणी ओळख दाखवली नव्हती.

"मला जोळात घेतील?" त्याने विचारलं.

"सेल चांगला निघाला तर."

"आणि तो तूच ठरवणार."

"मीटर ठरवणार," नूतन म्हणाली.

*

संध्याकाळी कमळाकरकाका घरत शाळेच्या ओट्यावर येऊन बसले. वय चौऱ्याहत्तर. ते जोळाचे पंच होते आणि टोपल्यांचा जोळ चालवलेले शेवटचे दोन-तीन जण उरले होते त्यांतले एक.

"तुझा भाऊस आयलाय आयकला. काय घेऊन आयलाय?"

"चार सेल."

"बरं हायेत?"

"बघते, काका. फार उतरलेले आहेत."

"बघ. पन एक सांगतो, नूतनबाय. हौसाचा सेल तू माघारी दिलास, ती तीन दिवस जेवली नाय."

"फुगला होता तो. आत वायू धरला होता."

"माझा पोट पन तसाच हाय. मना पन माघारी धाडशील?"

"तुम्हाला मांडणीवर ठेवायचं नाहीये."

काका हसले. मग गुडघ्यावर हात ठेवून खाडीकडे बघत म्हणाले, "तुमचा बाप मरताना त्याचा नाव घेत व्हता. तुला मी बोललो नाय कवा. जमला तर जोळात बसव त्याला."

*

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं. नूतनने कपाटातून पॉवर सप्लाय काढला. ती शिकवायची त्या तंत्रनिकेतनाची प्रयोगशाळा बंद झाली तेव्हा तो भंगारात चालला होता, तो तिने मागून घेतला होता. पुढे दोन गोल खुंट्या, एक दाबाची, एक प्रवाहाची. सव्वीस वर्षं ती मुलांना एकच क्रम शिकवत आली होती. आधी काही न जोडता दाब लावायचा, या सेलना ३.६५ व्होल्ट, त्याहून तसूभरही जास्त नाही. मग दोन टोकं एकमेकांना टेकवून प्रवाहाची मर्यादा ठरवायची. मग सेल जोडायचा, आणि त्यानंतर खुंटीला हात लावायचा नाही.

"घाई झाली म्हणून दाब वाढवायचा नाही," ती सवयीने बोलली. "आधी सेल भरमसाट प्रवाह मागतो, तो आपण अडवून धरतो. ३.६५ ला पोचला की दाब तसाच राहतो आणि सेल स्वतःच घेणं कमी करतो. प्रवाह अगदी थोडा उरला की तो भरला."

"आणि मधे? किती भरलाय ते कसं कळतं?"

"तेच कळत नाही. ही जात तशीच आहे. दहा टक्क्यांपासून नव्वदपर्यंत आकडा जवळपास एकच, ३.३ च्या आसपास. अर्धपोटी माणूस आणि जेवलेला माणूस, दोघांचा चेहरा सारखा."

"आपल्या आईसारखं," महेंद्र म्हणाला.

नूतनने मान वर केली नाही. अगदी उतरलेल्या सेलला एकदम जास्त द्यायचं नसतं, म्हणून तिने प्रवाह एक दशांश अँपिअरवर बांधला आणि पहिला सेल जोडला. ०.६ वरून आकडा सरकू लागला.

काय झालं असणार ते तिला पाठ होतं. दाब इतका खाली गेला की सेलमधला तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुन्हा चार्ज करताना ते तांबं जागच्या जागी परत बसत नाही. केसासारखे काटे धरून कुठेही बसतं, आणि मधला पडदा भेदून पलीकडे टेकतं. मग सेल आतल्या आत गळत राहतो. कधी भराभर, कधी इतका हळू की कळत नाही. ओळखायचा उपाय एकच होता. पूर्ण भरून सेल सुटा ठेवायचा आणि निदान पंधरा दिवस त्याच्याकडे बघत राहायचं.

अमावास्या तेरा दिवसांवर आली होती. वर्षातलं सगळ्यात मोठं उधाण त्या दिवशी दुपारी पावणेएकला होतं.

तीन दिवस महेंद्र त्या टेबलापाशी बसला. दर तासाला वहीत आकडा लिहायचं काम तिने त्याला दिलं होतं. त्याचं अक्षर वडिलांसारखं होतं, सातला आडवी रेघ देणारं. अडीच व्होल्टांवर तिने तारा सोडवून प्रवाहाची मर्यादा वाढवली आणि सेल पुन्हा जोडला. तिसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता पहिला सेल ३.६५ ला टेकला आणि प्रवाह हळूहळू उतरत शून्याजवळ आला. तिने तारा काढल्या. महेंद्रने आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या.

"चौथीत पहिला आलो होतो तेव्हासुद्धा इतका वेळ बसलो नव्हतो," तो म्हणाला.

सोडलेला सेल थोडा खाली येतो, तसा तो ३.३४ वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो ३.३१ होता. चांगला सेलही एवढा उतरू शकतो. गळका सेलही एवढाच उतरतो. नूतन बराच वेळ मीटर हातात धरून उभी होती. पंधरा दिवस, असं तिने कुणालाही सांगितलं असतं. हौसाबाईंना सांगितलंच असतं.

"काय म्हणतोय?" दारातून महेंद्रने विचारलं. त्याने दाढी केली होती, इस्त्रीचा सदरा घातला होता. तासाभराने जोळाची बैठक होती.

"घ्यायला हरकत नाही," नूतन म्हणाली.

बैठकीत कमळाकरकाकांनी विचारलं, "तपासला?" तिने हो म्हटलं. महेंद्रला ओट्यावर गावकऱ्यांमध्ये जागा झाली. कुणीतरी त्याच्यापुढे चहा सरकवला. वडिलांच्या बरोबरीचे एक म्हातारे त्याला म्हणाले, "रोग बरा करायला आयलास काय?" सगळे हसले, तोही हसला. त्याच दुपारी नूतनने त्याचा सेल अकराव्या पायरीत पाचवा म्हणून जोडला. बाकीचे तीन सेलही तिने थोडेफार भरून पेटीत ठेवले.

*

मग आभाळ भरलं ते हटेना. पॅनेल दिवसभरात जेमतेम थोडं देत आणि रोजच्या भरतीला तेवढं संपे. बॅटऱ्या एकदाही काठोकाठ भरल्या नाहीत. त्या तशा भरल्या असत्या तर मागे राहिलेली पायरी लगेच दिसली असती, कारण टोकाशी आकडे वेगळे होतात. मधल्या सपाटीवर सगळे सारखेच दिसतात.

रोज सकाळी नूतन सोळा आकडे घ्यायची. ३.२९, ३.२९, ३.३०. अकरावी ३.२८. पुढे ३.२७. नवीन सेल बसायला वेळ घेतोय, असं ती स्वतःला म्हणाली. हे वाक्य एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलं असतं तर तिने त्याखाली लाल रेघ ओढली असती. पॉवर सप्लाय लावून ती एकच पायरी वेगळी भरून बघता आली असती, पण त्याला दोन दिवसांचं ऊन लागलं असतं, आणि ऊन नव्हतं.

महेंद्र रोज बांधावर जायचा. सळ्यांचे गंजलेले जोड घासायचा, परत येऊन कोण काय बोललं ते सांगायचा. हौसाबाईंच्या गोठ्याचं छप्पर त्याने शाकारून दिलं. त्यांनी त्याला जेवायला वाढलं.

"त्या विचारत होत्या," तो म्हणाला, "तुझ्या भनीनं माझाच सेल का माघारी दिला. मी म्हटलं, ती हिशेबाची पक्की आहे, तिला भाऊबीज कळत नाही."

*

अमावास्येला साडेदहा वाजता नूतनने खटका दाबला. साठ अँपिअर. प्रवाह तीन वाजेपर्यंत लागणार होता, मग ओहोटीने पाणी खाली जाणार होतं. महेंद्र आणि आणखी दहा-बारा जण बांधावर होते. बारा वाजता पाणी कडेच्या वीतभर खाली आलं. पावणेएकला ते कडेला टेकलं. बांध हलला नाही. खिडकीतून नूतनला तो पाण्यात ओढलेल्या रेघेसारखा दिसत होता, आणि रेघेच्या अलीकडे भात हिरवं होतं.

एक वाजता प्रवाहाचा काटा पडला. आधी थोडा, मग एकदम. तिने पायऱ्यांवर मीटर फिरवलं. ३.२२. ३.२१. ३.२२. अकराव्या पायरीवर १.४, आणि बघता बघता शून्याखाली. बाकीच्या पायऱ्या तिच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत होत्या. संरक्षक खटका आपोआप तुटला. तिने तो एकदा वर केला, तो पुन्हा तुटला.

ती ओट्यावर आली आणि बांधावरच्या माणसांना हात करून मागे बोलावलं. ओरडून काही उपयोग नव्हता, वारा उलटा होता. महेंद्रने आधी पाहिलं. त्याने सगळ्यांना बांधावरून खाली काढलं, दोघांना दंडाला धरून. मग पंचवीस मिनिटं गाव शाळेच्या उतारावर उभं राहिलं. एक वाजून सव्वीस मिनिटांनी सळ्यांच्या तिसऱ्या जोडीपाशी एक ओला डाग दिसला. डागाची धार झाली. मग बांधाचा दाराएवढा तुकडा शांतपणे आत झोपला आणि त्यावरून खाडी भातात उतरली.

ओहोटीच्या सहा तासांत खांड बांधायची असते. कमळाकरकाकांनी सगळ्यांना टोपल्या आणायला सांगितलं. तेवीस टोपल्या निघाल्या, त्यांतल्या निम्म्या प्लॅस्टिकच्या. माती कुठली काढायची, कुठून टाकत यायचं, हे काका ओरडून सांगत होते, आणि लोक चुकीच्या बाजूने टाकत होते. महेंद्र छातीइतक्या पाण्यात उभा होता. अंधार पडला तेव्हा खांड तीस हात रुंद झाली होती.

*

सकाळी नूतनने मांडणीवरच्या सेलना हात लावून पाहिला. एकोणऐंशी सेल थंड होते. अकराव्या पायरीतला पाचवा कोमट होता.

तिने वही काढली. गळती एक अँपिअरची धरली, दिवस दहा. महेंद्रचा सेल जोडलाच नसता तर अकरावी पायरी चारच सेलची राहिली असती आणि सगळ्यांचं बळ पाचव्या हिश्श्याने कमी झालं असतं. तरी प्रवाह पावणेचारपर्यंत पुरला असता. तिने हिशेब दुसऱ्या पद्धतीने केला. उत्तर तेच आलं. पुढच्या वर्षीचं उधाण बांधाने सोसलं असतं का, याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. या वर्षीचं होतं.

खांड आता बुजणार नव्हती; गाव हलवायला पुनर्वसनाचे ट्रक दहाला येणार होते. कमळाकरकाका ओट्यापर्यंत आले, आत आले नाहीत.

"एक सेल गेला, काका," ती म्हणाली. "त्यानं सगळं ओढलं. मी..."

"कोनाचा ते सांगू नको," ते म्हणाले. "टोपली कोनाची होती ते जोळात विचारत नाय." आणि ते काठी टेकत उतारावरून खाली गेले.

थोड्या वेळाने महेंद्र आला. हाताची बोटं सोललेली होती.

"माझाच होता का गं?"

"नाही. चौथ्या पायरीतला."

त्याने श्वास सोडला. भिंतीला टेकून बसला. मग उठून वडिलांची पेटी जवळ ओढली, उरलेले तीन सेल बघितले आणि पेटीला दोरी बांधायला लागला.

"वरच्या शिलोत्तरला अजून जोळ आहे. काल त्यांचे दोघं खांडीवर आले होते. म्हणाले, सेल घेऊन या, तुम्हाला बसवून घेतो. त्यांचा बांध आपल्याहून उंच आहे." तो गाठ मारत होता. "चांगले आहेत ना हे? बघ जरा."

नूतनने मीटर लावलं. ३.२९. ३.२८. ३.२९. आकडा चांगला होता. शिलोत्तरला जो कुणी तपासेल त्यालाही तो चांगलाच दिसणार होता.

"हे देऊ नकोस, दादा."

"का?"

तिने मीटर खाली ठेवलं. महेंद्र तिच्याकडे बघत राहिला, मग मांडणीकडे, मग अकराव्या पायरीकडे. दोरीचं टोक त्याच्या हातातून सुटलं.

"तुला तेव्हाच माहीत होतं."

"शंका होती. पंधरा दिवस ठेवायला हवा होता."

"मला सांगितलं असतंस तर मी परत गेलो असतो."

"म्हणूनच नाही सांगितलं."

बाहेर कुणीतरी भांडी पोत्यात भरत होतं. महेंद्रने सदऱ्याला हात पुसले. ट्रकसाठी थांबला नाही. नूतनने खिडकीतून पाहिलं तेव्हा तो मागच्या डांबरी रस्त्याने एकटाच चालला होता, हात रिकामे.

ते सेल तसे सोडून जाणं शक्य नव्हतं. पाणी ओसरलं की कुणीतरी भंगारवाला येणार, तो मीटर लावणार, आणि आकड्यावर विश्वास ठेवणार. तिने तिन्ही सेलना गाडीचा जुना दिवा जोडला. तो पिवळा, स्थिर पेटला. ते पूर्ण उतरायला एक दिवस लागला असता. तेवढा वेळ खाडी देईल असं वाटत नव्हतं, पण तिच्याजवळ दुसरं काही नव्हतं. तिने मीटर पिशवीत घातलं आणि दार लोटलं.

ट्रकच्या फळीवर कमळाकरकाका आणि हौसाबाई गाठोड्यांना टेकून बसले होते. ट्रक उतारावरून निघाला. काकांनी शाळेकडे पाहिलं.

"तिथं बत्ती कशाला ठेवलीस?"

"सेल उतरवायला."

"कोनाचे?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"आमचे," नूतन म्हणाली. "अकराव्या पायरीतला गेलेला सेल त्यांतलाच होता."

काकांनी मान खाली घातली. हौसाबाईंनी मात्र तिच्याकडे मान वळवली, आणि ट्रक शिवेबाहेर जाईपर्यंत त्या तिच्याकडे बघतच राहिल्या.